तिसऱ्या अंकावरची गाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'जुन्या आठवणी' एवढेच शब्द छापलेले आहेत. हे काम माझ्याकडे कसे आले याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. मी केंद्र सरकारचा एक साधा अधिकारी. तीस वर्षे टिपण्या लिहिण्यात गेली, आणि टिपण्या लिहिणाऱ्या माणसाच्या भाषेचे पुढे काय होते ते आपण जाणता. माझ्याआधी बोललेल्या ज्येष्ठांनी मंडळाची स्थापना, १९७५ सालचा पहिला गणेशोत्सव, वर्गणीसाठी घातलेले हेलपाटे यांच्या आठवणी सांगितल्या. त्या वेळी मी पाच वर्षांचा होतो आणि प्रसादाच्या रांगेत पहिला असे, यापलीकडे मंडळाच्या स्थापनेत माझा वाटा नाही. म्हणून मी गाण्यांविषयी बोलणार आहे. तीही मराठी नव्हेत, इंग्रजी. मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात हा विषय काढणे औचित्याला धरून नाही हे मला कळते. परंतु या गाण्यांचा आणि मंडळाच्या लोखंडी कपाटाचा एक संबंध आहे, आणि तो मी अडतीस वर्षे कोणाला सांगितलेला नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे बालमित्र येथल्याच रामकृष्ण बीचवर, कुरसुरा पाणबुडीच्या अलीकडच्या कठड्यावर बसलो होतो. माझी बदली पुन्हा विशाखापट्टणमला झाल्याचे निमित्त होते. ते दोघेही आज या सभागृहात आहेत आणि नावे घेऊ नयेत अशी त्यांनी मला ताकीद दिलेली आहे. म्हणून एकाला आपण 'भाचा' म्हणू, कारण त्याचे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि या कथेतली सर्व भानगड त्या मामांच्या पेटीतून निघाली. दुसऱ्याला 'मुलगा' म्हणू. तो का, ते पुढे येईल.

चाळीस वर्षांचे मित्र भेटले की प्रथम प्रकृतीची, मग मुलांच्या नोकऱ्यांची चौकशी होते. ती संपली आणि भाच्याने एकाएकी विचारले, "ते कोंबड्या नाचतात ते कुठलं रे गाणं?"

"पिसं काढलेल्या?"

"हो, हो. मुंडकं नसलेल्या!"

"ते गॅब्रिएलचं. स्लेजहॅमर."

"आणि डोळ्यांतून उजेड पडणारी पोरं?"

"ती टायलरबाईंची."

शेजारी एक वयस्क तेलुगू गृहस्थ वारा खात बसले होते. कोंबड्यांपर्यंत त्यांनी सोसले. डोळ्यांतून उजेड पडणाऱ्या पोरांचे नाव निघताच ते काठी उचलून पलीकडच्या बाकावर गेले.

गंमत अशी की आम्हां तिघांपैकी एकालाही त्या गाण्यांचे शब्द धड आठवेनात. वस्तुतः ते आम्हांला तेव्हाही कळलेले नव्हते. इंग्रजी आम्ही शाळेत शिकत होतो, परंतु ते क्रमिक पुस्तकातले इंग्रजी. ते गाण्यात कोणी म्हणत नसे. आठवत होती ती चित्रे. गाणे ऐकावयाचे असते अशीच आमच्या घरची समजूत. गाणे पाहावयाचे असते आणि ते पाहून काही अर्थबोध होण्याची मुळीच आवश्यकता नसते, हे आम्हांला १९८७ च्या मे महिन्यात एका कॅसेटने शिकविले.

त्या काळाची थोडी पार्श्वभूमी तरुण मंडळींसाठी सांगावयास हवी. परदेशी गाण्यांची दूरचित्रवाहिनी आपल्याकडे १९९१ साली उपग्रहावरून आली. त्यापूर्वी दूरदर्शन देईल तो घास आणि चित्रहार हीच मेजवानी. पॉप म्हणून आम्हांला माहीत होती ती नाझिया हसन. १९८० च्या 'कुर्बानी'तले तिचे गाणे आणि १९८१ ची 'डिस्को दीवाने' ही तबकडी आमच्या वसाहतीत प्रत्येक लग्नाला वाजे. अमेरिकेत मात्र १ ऑगस्ट १९८१ रोजी एम. टी. व्ही. ही चोवीस तास गाणीच दाखविणारी वाहिनी सुरू झालेली होती आणि तिने पहिले गाणे लावले ते 'व्हिडिओने रेडिओच्या गवयाला मारले' अशा आशयाचे, बगल्स या इंग्रज जोडीचे. या वाहिनीपुढे एक मोठी अडचण होती. चोवीस तास दाखवावयाचे, पण दाखवावयाला पुरेशा फितीच नाहीत. इंग्लंडात बी. बी. सी.च्या 'टॉप ऑफ द पॉप्स'सारख्या कार्यक्रमांसाठी गायक अशा फिती आधीपासून करून देत असत. तेव्हा अमेरिकेच्या वाहिनीवर इंग्रज गवयांची गर्दी झाली. तबकडीचा खप वाढविणारी जाहिरात एवढीच या फितींची किंमत कंपन्यांच्या लेखी होती. दिवस दोन-तीन, पैसा बेताचा, आणि 'गाण्याची फीत अशी असावी' असे सांगणारा नियम अजून कोणी लिहिलेला नव्हता. नियम नसलेल्या खात्यात काय काय होऊ शकते याची कल्पना माझ्यासारख्या सरकारी नोकराला चांगली आहे. येथे मात्र त्यातून चमत्कार निघाले.

भाच्याचे मामा इंग्लंडच्या बंदरांत जात. तेथल्या एका स्नेह्याने दूरचित्रवाणीवरून टिपून घेतलेली गाण्यांची कॅसेट त्यांनी आणली. इंग्लंडची आणि आपली चित्रप्रणाली एकच, पाल नावाची. म्हणून ती आपल्याकडे रंगीत दिसे. अमेरिकेची प्रणाली निराळी. तेथून आलेल्या कॅसेटी आपल्या यंत्रावर काळ्यापांढऱ्या तरी दिसत किंवा नुसत्या गरगरत. मामांचे जहाज चार दिवस बंदरात होते, आणि कॅसेट चार दिवसांत परत करावयाची होती.

यंत्र होते ते मंडळाचे. वर्गणीतून घेतलेला तो व्ही. सी. आर. मराठी चित्रपट दाखविण्यासाठी होता आणि तो कार्यवाहांच्या घरी, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलेला असे. कार्यवाह म्हणजे आमच्या 'मुलग्या'चे वडील. त्या घरच्या काकूंना येथल्या ज्येष्ठ मंडळींपैकी ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की मंडळाच्या रंगमंचावर अकरा वर्षे आईची भूमिका म्हटली की काकू, आणि तालमीला चहा म्हटला तरी काकूच.

त्या चार दिवसांत आम्ही ती कॅसेट किती वेळा पाहिली याची गणती नाही. काकू स्वयंपाकघरातून येता-जाता उभ्या राहत आणि नाटकवालीच्या डोळ्यांनी पाहत. तेव्हा त्यांच्या शेऱ्यांसकटच ही गाणी माझ्या स्मरणात आहेत.

पहिले बॉनी टायलर या वेल्श गायिकेचे, १९८३ सालचे 'टोटल एक्लिप्स ऑफ द हार्ट'. रात्रीची वेळ, एक अवाढव्य जुनी वास्तू, वाऱ्याने फडफडणारे पडदे, पांढरा झगा घातलेली ही बाई बोळांतून फिरते आहे. मध्येच तलवारबाजी करणारे विद्यार्थी, मध्येच तोंडे झाकलेले जपानी योद्धे, मध्येच पाखरू उडते, आणि मग ती प्रसिद्ध पोरे, ज्यांच्या डोळ्यांतून मोटारीच्या दिव्यासारखा उजेड पडतो. ही वास्तू म्हणजे इंग्लंडातल्या सरे परगण्यातले हॉलोवे सॅनेटोरियम, पूर्वीचे मनोरुग्णालय. दिग्दर्शक रसेल मल्केही. बगल्सची ती पहिली फीतही याच ऑस्ट्रेलियन गृहस्थाची. गाणे लिहिणाऱ्या जिम स्टाइनमनच्या मनात मुळात रक्तपिपासू वेताळाचे प्रेमगीत होते म्हणे, आणि ते कळल्यावर पोरांच्या डोळ्यांचा थोडा तरी उलगडा होतो. तेव्हा आम्हांला काहीच ठाऊक नव्हते. काकू म्हणाल्या, "बाईचा घसा बसलाय, तरी गाते आहे. कोणीतरी हळद-दूध द्या तिला." पुढे वाचनात आले, की स्वरयंत्रावरच्या गाठींची शस्त्रक्रिया झाल्यानंतरच त्या बाईंचा आवाज असा घोगरा झाला. काकूंचे निदान फारसे चुकलेले नव्हते.

दुसरे 'सेफ्टी डान्स', कॅनडातल्या 'मेन विदाउट हॅट्स' या मंडळींचे. इंग्लंडातल्या एका जुन्या खेड्यात एक लांब केसांचा तरुण, एक बुटका विदूषक आणि एक मुलगी नाचत जातात आणि सारी जत्रा मागे लागते. नाचगृहातून नाचण्याच्या विचित्र पद्धतीपायी हाकलून दिल्याचा राग म्हणून हे गाणे लिहिले गेले. आमच्या भाच्याने तो नाच त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मिरवणुकीत केला आणि त्यालाही हाकलण्यात आले. इतिहासाची पुनरावृत्ती होते ती अशी.

क्वीन या संघाचे १९८४ सालचे 'आय वाँट टू ब्रेक फ्री' लागले तेव्हा माझे वडील काही कामासाठी तेथे आलेले होते. पडद्यावर चार पुरुष बायकांच्या वेषात. त्यांतला पुढारी तोकड्या घागऱ्यात, केसांचा टोप लावून, घर झाडण्याचे विजेचे यंत्र फिरवितो आहे. आणि ओठांवर भरघोस मिशी! इंग्लंडात १९६० पासून चाललेल्या एका घरगुती मालिकेची ती थट्टा होती. इंग्रजांना हसू आले, अमेरिकेतल्या पुष्कळांना रुचले नाही. आम्हांला संदर्भ माहीत नसूनही हसू आवरेना. वडील नाट्यसंगीताचे भक्त. ते गंभीरपणे म्हणाले, "अरे, बालगंधर्वांनी शालू नेसताना मिशी ठेवली असती तर चाललं असतं का? सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं." त्यावर काकू म्हणाल्या, "मिशी ठेवली म्हणूनच तर मजा आली, भावजी." दोघांत चांगला अर्धा तास वाद झाला. तो मिशीवाला फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारूख बलसारा, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आलेला, आणि शाळेतल्या मुलांच्या संघात 'हेक्टिक्स' या नावाने पियानो वाजविणारा, हे त्या दिवशी खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते. वडिलांना ठाऊक असते तर त्यांनी 'पाचगणीचा आहे होय' म्हणून त्याला अर्धी माफी दिली असती असे मला राहून राहून वाटते. परमुलखात राहणाऱ्या माणसाला महाराष्ट्राचा कसलाही धागा पुरतो.

गॅब्रिएलच्या १९८६ सालच्या 'स्लेजहॅमर'विषयी मात्र सर्वांचे एकमत झाले, की हा मनुष्य कष्टाळू आहे. त्याच्या चेहऱ्याभोवती फळे येतात, मासे येतात, आगगाडी डोक्याभोवती फिरते. यात संगणकाची कमाल नाही. एक एक चित्र घ्यावयाचे, वस्तू तसूभर हलवावयाची, पुन्हा चित्र घ्यावयाचे. यासाठी गायक सोळा तास काचेखाली पडून राहिला होता. ब्रिस्टलच्या आर्डमन संस्थेने हे काम केले आणि त्या नाचऱ्या कोंबड्या निक पार्क या तरुणाने हलविल्या, जो पुढे मातीच्या बाहुल्यांच्या चित्रपटांसाठी जगप्रसिद्ध झाला. या फितीला १९८७ साली एम. टी. व्ही.ची नऊ पारितोषिके मिळाली.

आणि शेवटी ते पेन्सिलीचे गाणे. आ-हा या नॉर्वेच्या त्रिकुटाचे 'टेक ऑन मी'.

हे गाणे १९८४ साली प्रथम निघाले तेव्हा कोणी ढुंकून पाहिले नाही. १९८५ साली ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने त्याची नवी फीत केली. एक मुलगी उपाहारगृहात बसून चित्रकथेचे पुस्तक वाचते आहे. पुस्तकातला पेन्सिलीने काढलेला तरुण तिच्याकडे पाहून डोळा मिचकावतो, आणि पानातून एक हात, पेन्सिलीच्या रेघोट्यांचा हात, बाहेर येतो. ती तो हात धरते आणि पानात जाते. आत गेल्यावर तीही रेघांची होते. मध्ये एक चौकट आहे; चौकटीच्या अलीकडे माणूस हाडामांसाचा, पलीकडे चित्राचा. खऱ्या माणसांचे चित्रण करून प्रत्येक चित्रावर हाताने रेखाटन करण्याच्या या युक्तीचा शोध मॅक्स फ्लायशर याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच लावलेला होता. येथे मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या दांपत्याने सुमारे तीन हजार चित्रे काढली आणि त्यास सोळा आठवडे लागले. इतरांनी दोन दिवसांत उरकावयाच्या कामाला चार महिने दिले. मला वाटते, तो वेळ पाहणाऱ्याला कळतो. कसा ते सांगता येणार नाही, पण कळतो.

काकूंनी हे गाणे उभ्याने नव्हे, बसून पाहिले. हातात निवडावयाची मेथी होती. संपल्यावर म्हणाल्या, "ती आत गेली खरी, पण तिला परत घरी यायचं दार सापडणार आहे का?" आम्ही म्हटले, "काकू, शेवटी दोघे बाहेर येतात की." त्या म्हणाल्या, "येतात म्हणजे काय? तो भिंतींवर अंग आपटून आपटून येतो. सोपं नाहीये ते." आणि मेथी घेऊन आत गेल्या.

आता मूळ मुद्दा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कॅसेट परत द्यावयाची होती. आम्हांला तिची प्रत हवी होती. प्रत करावयाची तर यंत्रे दोन लागतात. तेव्हा दुसरे एक यंत्र दुपारपुरते भाड्याने आणले. कोरी कॅसेट विकत घेणे आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. मंडळाच्या कपाटात १९८६ च्या गणेशोत्सवातल्या नाटकाची कॅसेट होती. तीन तासांची फीत, नाटक सुमारे दोन तास वीस मिनिटांचे. म्हणजे शेवटी चाळीस मिनिटे कोरी. तेवढी आम्हांला पुरत होती. हा शोध माझा. चौकशी समितीला पुढे सोपे जावे म्हणून सांगून ठेवतो.

काकांनी त्या कॅसेटची काळजी घेतलेली होती. अशा कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक लहानशी जीभ असते. ती मोडून टाकली की त्या फितीवर पुन्हा मुद्रण होत नाही. काकांनी ती मोडलेली होती. आम्ही त्या खोबणीवर चिकटपट्टी लावली. यंत्र फसले. कॅसेटच्या चिठ्ठीवर काकांच्या सुवाच्य अक्षरात 'नाटक समाप्त' आणि पुढे यंत्राच्या गणकावरचा आकडा लिहिलेला होता. तो आकडा येईपर्यंत फीत पुढे पळविली आणि मुद्रणाची कळ दाबली. त्या वेळी खोलीत भाचा आणि मी दोघेच होतो. मुलगा शिकवणीला गेला होता. काकूंनी आम्हांला शिरा आणून दिला.

गणक मिनिटे मोजत नाही, फिरकीचे फेरे मोजतो, आणि हे मोजणे प्रत्येक यंत्रात निराळे असते. चिठ्ठीवरचा आकडा मंडळाच्या यंत्रावरचा होता; मुद्रण करीत होतो ते भाड्याच्या यंत्रावर. एकदा, फक्त एकदा, कळ दाबण्यापूर्वी पुढे काय आहे ते पडद्यावर पाहिले असते तर कळले असते. परंतु दूरचित्रवाणी संच दुसऱ्या यंत्राला जोडलेला, तारा काढा-घालावयाचा कंटाळा, आणि पाच वाजता यंत्र परत करावयाचे. आम्ही चोवीस मिनिटांची गाणी तिसऱ्या अंकावर छापली.

दुसऱ्या दिवशी मी लावून पाहिले. काकू आईच्या भूमिकेत, परगावी निघालेल्या मुलाची पिशवी भरीत आहेत. त्या दाराकडे वळून काही बोलणार, तेवढ्यात पडद्यावर सप्तरंगी पट्टे येतात, आणि एक वेल्श बाई पडद्यांतून चालू लागते. मी कॅसेट बंद केली, चिकटपट्टी काढली आणि कपाटात होती तशी ठेवून दिली. भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "कोण बघतंय परत?" खरे होते. मंडळात जुने नाटक कोणी परत पाहत नसे. नवे बसवीत असत.

काकू १९८९ च्या पावसाळ्यात गेल्या. मी तेव्हा बी. ए. साठी पुण्यास होतो. पुढल्या वर्षी गणेशोत्सवात त्यांच्या स्मरणार्थ ते नाटक मंडळात दाखवावे असे ठरल्याचे वडिलांनी पत्रातून कळविले. ते पत्र वाचून मी दोन रात्री झोपलो नाही. एक आंतरदेशीय पत्र लिहिले आणि टाकले नाही. पंधरा दिवसांनी वडिलांचे दुसरे पत्र आले : मंडळाचे यंत्र ऐन वेळी बिघडले, त्यामुळे कार्यक्रम होऊ शकला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. हे मी आज येथे लपवीत नाही. मला दुःख झाले नाही, सुटल्यासारखे वाटले.

त्या वेळी कोणाच्या घरी चित्रणाचा कॅमेरा नव्हता. काकूंचे फोटो पुष्कळ होते. चालत्या-बोलत्या काकू मात्र त्या एका फितीत होत्या, दुसरीकडे कोठेही नव्हत्या.

तर डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी गाण्यांची उजळणी चालू असताना भाच्याने विचारले, "आपण प्रत केली होती ना रे? कुठे गेली ती?" विचारल्यावर त्याचे त्यालाच आठवले आणि तो गप्प झाला. मग मी सांगून टाकले. सोळाव्या वर्षी सांगावयाचे ते चौपन्नाव्या वर्षी सांगितले.

मुलगा समुद्राकडे पाहत होता. म्हणाला, "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"नव्वदपासून. दाखवायच्या आधी मी एकटा लावून पाहिली. यंत्र बिघडलंय असं बाबांना मीच सांगितलं. आतली एक तारसुद्धा ओढून ठेवली, खोटं वाटू नये म्हणून."

आम्ही दोघे बोलूच शकलो नाही. तोच पुढे म्हणाला, "त्यानंतर दोन वर्षं मी तुमच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. तुमच्या लक्षातही आलं नाही."

खरोखरच आले नव्हते. मला वाटले होते, नोकरीच्या खटपटीत असेल.

"आणि काकांना?"

"बाबा २००४ मध्ये गेले. त्यांना कधी सांगितलं नाही. ते अधूनमधून विचारायचे, यंत्र दुरुस्त झालं का रे म्हणून. मी म्हणायचो, भाग मिळत नाही."

माझ्या मित्राने चौदा वर्षे वडिलांशी केलेला हा खोटेपणा मूळचा माझा आहे, त्याचा नव्हे. हे मला त्याला तेव्हा सांगता आले नाही. आज सांगतो.

ती कॅसेट त्याने टाकली नाही. या शहराच्या दमट हवेत अशा फितींवर पांढरी बुरशी चढते. तो ती दर पावसाळ्यात काढून, पुसून, डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवीत आला. दोन वर्षांपूर्वी त्याने तिची संगणकीय प्रत करून घेतली. त्या रात्री त्याच्या घरी आम्ही तिघांनी ती पाहिली. पहिले दोन अंक पूर्ण आहेत. तिसऱ्या अंकाची सुरुवात आहे. मग टायलरबाई, नाचरे खेडे, मिशीवाले सोंग, कोंबड्या आणि पेन्सिलीचा हात. आणि त्यानंतर, काही क्षण पडद्यावर नुसते बर्फ पडल्यासारखे दिसून, शेवटची चार मिनिटे पुन्हा नाटकाची आहेत. हे मला माहीत नव्हते. १९८७ साली मी गाण्यांच्या पलीकडे पाहिलेच नव्हते. पडदा पडतो, टाळ्या होतात, पडदा पुन्हा वर जातो. सर्व पात्रे ओळीने उभी आहेत. काकूंच्या हातात कोणी नारळ देते. इतर मंडळी विंगेत जातात, काकू पुढे येतात, थेट कॅमेऱ्यात पाहतात आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, आईच्या भूमिकेतल्या नव्हे, म्हणतात, "झालं का रे? कर आता बंद. फीत संपेल उगीच."

मी विचारले, "गाणी कापून का नाही घेतलीस प्रत करताना?"

तो म्हणाला, "कापणार होतो. पण पस्तीस वर्षं मी ती तशीच पाहिली. आई पिशवी भरते, मग तुमची ती गाणी, मग आई येते. गाणी लागली की मला कळतं, आता चोवीस मिनिटांनी येईल. त्या गाण्यांतही तिचंच बोलणं ऐकू येतं मला. हळद-दूध द्या म्हणाली होती ना?"

सुवर्णमहोत्सवासाठी जुने काही दाखवावे अशी सूचना कार्यकारिणीत आली तेव्हा त्यानेच ही प्रत पुढे केली. त्याची अट एकच आहे : गाण्यांसकट दाखवावी, आणि ती तेथे का आहेत ते आधी कोणीतरी उठून सांगावे. कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव कसे आले याचा उलगडा झालेला नाही असे मी सुरुवातीला म्हणालो, ते तितकेसे खरे नव्हते.

दोन विनंत्या आहेत. त्या नाटकात काम केलेली तीन मंडळी आज येथे उपस्थित आहेत, आणि पडद्यामागून संवाद सांगणारे आजोबाही आलेले आहेत. त्या चोवीस मिनिटांतले जे काही ज्यांना आठवत असेल ते त्यांनी कृपा करून लिहून द्यावे. एखादे वाक्य असले तरी चालेल. विशेषतः दाराकडे वळल्यावर काकू काय म्हणत, ते. दुसरी विनंती ही, की त्या काळी काही जण पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर घेऊन बसत असत. कोणाच्या माळ्यावर १९८६ च्या गणेशोत्सवाची एखादी ध्वनिफीत पडलेली असेल तर ती कळवावी. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि स्वतःच परत आणून देईन. तिच्यावर काहीही मुद्रित करणार नाही.

कार्यवाहांनी खूण केली आहे, यंत्र सिद्ध आहे. लहान मुलांना पुढे सतरंजीवर बसू द्यावे. कोंबड्यांचे गाणे त्यांना आवडेल. शेवटची चार मिनिटे झाल्याशिवाय कृपया कोणी जेवणासाठी उठू नये. दिवे मालवावेत.